गोदामाचा वास

हणमंतराव बिरादारांच्या नाकाची हैदराबादेतल्या विद्यानगरच्या त्या गल्लीत मोठी ख्याती होती. नाक दिसायला साधंच, थोडं बसकं, पण कामाला फार तिखट. धान्याच्या सरकारी गोदामात माल तपासायची नोकरी त्यांनी जन्मभर केली आणि ती मशीनपेक्षा नाकानंच जास्त केली. पोत्यांच्या थप्पीजवळून नुसते चालत गेले तरी मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "आतली रांग काढा, ओल धरलीय." हमाल कुरकुरत थप्पी उतरवायचे, आणि आत खरोखरच तांदूळ गाठी धरून बसलेला असायचा. "साबकू नाक दिया अल्लानं, हमना सिरफ पीठ दी," असं एक म्हातारा हमाल आपल्या पाठीवर हात मारून म्हणायचा, आणि हणमंतरावांना त्याचा चेहरा आठवत नसला तरी ते वाक्य पाठ होतं. असल्या वाक्यांवर माणूस पेन्शन काढतो.

निवृत्त झाल्यावरही नाक निवृत्त झालं नाही. शेजारच्या बायका तुरीच्या डाळीचा डबा घेऊन दाखवायला यायच्या. लग्नाच्या पंगतीत भात पानात पडला की हे आधी वास घ्यायचे आणि मग जेवायचे. शेजारी बसलेल्या सावित्रीबाई पदरातल्या पदरात हसून म्हणायच्या, "लग्नाला आलाव का तपासणीला?"

सावित्रीबाई ही त्यांची बायको. गल्लीत नाकाची ख्याती असली तरी घरात त्या नाकाला कवडीची किंमत नव्हती, कारण घरात चालायचा तो सावित्रीबाईंचा नियम. नियम असा की गोदामातून आलेल्या माणसानं पुढच्या दारानं आत यायचं नाही. मागच्या दाराशी नळ होता. तिथं कपडे उतरायचे, हातपाय धुवायचे, डोक्यावर तांब्याभर पाणी घ्यायचं आणि ओल्या अंगानं पायरीवर उभं राहायचं. मग सावित्रीबाई टॉवेल घेऊन दारात यायच्या, जरा पुढं वाकून स्वतः वास घ्यायच्या आणि खात्री पटली की म्हणायच्या, "या आता आत."

"त्याच वासाचा पगार येतो गं," हणमंतराव म्हणायचे.

"पगार येऊ द्या. वास नको. माझ्या लक्ष्म्यांना चिकटतो तो."

लक्ष्म्या म्हणजे भादव्यात तीन दिवस येणाऱ्या महालक्ष्म्या, थोरली आणि धाकटी. मुखवटे लाकडी, हातभर नसतील, पण घरातली सगळी बडदास्त त्यांची. उदगीरकडच्या गावातून सासूबाईंनी ते सावित्रीबाईंच्या ओटीत घातले होते, आणि एसटीच्या गर्दीत सावित्रीबाईंनी ते मांडीवरून खाली न ठेवता हैदराबादला आणले. बिरादारांच्या घराण्यात लक्ष्म्या विकत घेत नाहीत. सासूनं सुनेला द्यायच्या, हातातून हातात. दर वर्षी लक्ष्म्या उभ्या करायच्या आदल्या दिवशी सावित्रीबाई काडीला कापूस गुंडाळून, ताज्या काजळानं दोघींचे डोळे नव्यानं रेखायच्या. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. एका वर्षी कुकरची शिट्टी झाली, हात हलला, आणि धाकटीचा डावा डोळा जरा बाहेर गेला. तो मग कधी परत जागेवर आलाच नाही, कारण पुढच्या वर्षी जुन्या रेघेवरूनच रेघ. "आपली धाकटी गल्लीतून कोण चाललंय ते बघते," असं हणमंतराव म्हणायचे आणि बोलणी खायचे.

सण झाला की मुखवटे मऊ फडक्यात गुंडाळून लाकडी पेटीत, आणि पेटी माळ्यावर. घराच्या पुढच्या भागावर स्लॅब होता, पण मागच्या दोन खोल्यांवर कौलं होती आणि कौलांखाली सागवानी फळ्यांचा माळा. माळ्याला दोन बाजूंना जाळ्या होत्या. त्या हणमंतरावांनी हट्टानं ठेवून घेतल्या होत्या. गोदामाचं त्यांचं शास्त्र तीन गोष्टींचं होतं आणि ते कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. ओला माल आत घ्यायचा नाही. भिंतीला चिकटवून काही ठेवायचं नाही. आणि हवा खेळती ठेवायची. एवढं केलं तर बुरशीच्या बापाची हिंमत नाही, असं ते छाती पुढं काढून सांगायचे.

गेल्या वर्षी आषाढात सावित्रीबाई गेल्या. मूत्रपिंडाचं दुखणं होतं, दोन वर्षं डायलिसिस चाललं होतं आणि शेवटी शेवटी त्यांना बोलायचंही जड जायचं. गेल्या त्याच्या दोन दिवस आधी त्यांनी नवऱ्याला जवळ बोलावलं. माणसं अशा वेळी काय काय बोलतात. त्या म्हणाल्या, "लक्ष्म्या त्रिवेणीच्या ओटीत घाला. विसराल. आणि हात धुऊन द्या, तुमच्या गोदामाच्या हातानं देऊ नका."

"नाही विसरत," हणमंतराव म्हणाले. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण हात धुऊन देईन असंही त्यांनी कबूल केलं.

त्रिवेणी ही त्यांची सून, ओमकारची बायको, भालकीची. खाजगी शाळेत गणित शिकवायची. सासऱ्यांना ती मामा म्हणायची आणि सासूला आत्या. सासूची तिनं मनापासून सेवा केली होती.

पुढचं जे घडलं ते दहाव्याच्या दुपारचं. गेलेल्या माणसाचे कपडे धुऊन देऊन टाकायची रीत. इथंच हिमायतनगरला दिलेली मुलगी शिल्पा आली होती. तिनं आईची सगळी लुगडी धुतली आणि मागच्या दोरीवर वाळत घातली. अहेव मरण आलेल्या बाईची लुगडी, मागणारे पुष्कळ होते. शिल्पानं मात्र एक हिरवं इरकली लुगडं आधीच सांगून ठेवलं होतं, "अप्पा, हे मला ठेवा. बाकीचे द्या कुणालाबी." मग सगळी मंडळी विधीला घाटावर गेली. गुडघे धरल्यामुळं हणमंतराव लवकर परतले आणि घरात एकटे होते. पाऊस भुरभुरत होता. दोरीवर लुगडी ओलीच लोंबत होती. संध्याकाळी ती जाणार, वाटली जाणार, कुठल्या कुठल्या अंगावर दिसणार, हे त्यांच्या मनात आलं. त्यांनी दोरीवरून पाच लुगडी ओढली. त्यात ते हिरवं इरकलीही होतं. ती तोंडाशी धरली. साबणाच्या वासाखाली अजून ती होती, खोबरेल आणि थोडं काजळ आणि तिचं असं जे काही असतं ते. हणमंतरावांचं नाक खोटं बोलत नाही.

लपवायचं कुठं? सुतकाचं वर्ष, म्हणजे पुढचा सण या घरात व्हायचा नाही. लक्ष्म्यांची पेटी वर्षभर कुणी उघडणार नाही. घरातली एवढी एकच जागा होती जिला रीतीनंच कुलूप लागलेलं होतं. दुखऱ्या गुडघ्यांनी ते शिडी चढले, ओली लुगडी घडी न करता पेटीत कोंबली, मुखवट्यांच्या खाली, वर, सगळीकडून. पेटी ओढून पार कोपऱ्यात भिंतीला लावली. कबुतरं आत शिरतील आणि कुणीतरी त्यांना हाकलायला वर येईल, म्हणून दोन्ही जाळ्यांत जुनी पोती ठासली. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेल्या तिन्ही गोष्टी त्यांनी पाव तासात मोडल्या आणि खाली येऊन, हात धुऊन, पायरीवर बसून राहिले.

शिल्पाला सांगितलं, "धुणंवालीला दिली. ती फार रडत होती, मग दिली."

"हिरवं पण दिलाव?"

"चुकून गेलं बघ."

बापाचं डोकं ठिकाणावर नाही असं समजून शिल्पानं ते गिळलं.

वर्षभर हणमंतराव वर गेले नाहीत. गुडघ्यांचं निमित्त होतं, पण खरं कारण वेगळं होतं. पेटी उघडली की तिचा वास उडून जाईल, अशी त्यांची समजूत होती. झाकून ठेवलेलं टिकतं असं मानणारा माणूस गोदामात एक दिवस टिकला नसता, आणि हे त्यांना दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ते रोज रात्री आढ्याकडं बघून झोपायचे. आहे वर, एवढंच. माणूस दुःखात शहाणपणा खुंटीला टांगून ठेवतो आणि आपल्याला त्याचं नवल वाटतं, पण ते आपल्यावर वेळ येईपर्यंत.

यंदा श्रावण लागला आणि घरात वास सुरू झाला.

"मामा, वरून वास यायलाय बघा कसलातरी," त्रिवेणी स्वयंपाकघरातून म्हणाली. "कोंदट. तुम्हाला नाही यायला?"

हणमंतरावांना तो तिच्या आधी आठ दिवस आला होता. पहिल्याच झुळुकीला त्यांनी ओळखला होता. ओल धरलेल्या कोठाराचा, मातीत जुना कागद कुजल्यासारखा वास. चौथ्या ओळीत, आतल्या बाजूला, असं त्यांचं नाक गोदामाच्या सवयीनं सांगत होतं. आणि गल्लीभर ज्याच्या नाकाचा डंका, तो माणूस सुनेला म्हणाला, "नाही बा. मला काही येत नाही."

"उंदीर मेला असंल," असंही त्यांनी वर जोडलं.

"उंदराचा वास चार दिवसांत जातो, मामा. हा वाढूलालाय."

तिला खोकला सुरू झाला. रात्री जास्त. स्वयंपाकघराच्या छताच्या फळ्यांवर काळे ठिपके दिसायला लागले, आधी शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे आणि मग एकमेकांत मिसळलेले. ओमकार म्हणाला, "अप्पा, हे फंगस आहे. औषध मारणाऱ्याला बोलावतो." हणमंतराव म्हणाले, चुलीचं जुनं धुराटं असेल. ओमकारनं बापाकडं जरा रोखून पाहिलं. या घरात चूल कधीच नव्हती.

त्रिवेणीचं मन मात्र दुसरीकडंच लागलं होतं. या भादव्यात लक्ष्म्या ती पहिल्यांदा उभ्या करणार होती. मुखवटे आधी बघावेत, काय लागेल ते आणावं, म्हणून ती पेटी खाली काढा म्हणाली. हणमंतराव म्हणाले, बघू. आठवड्यानं पुन्हा म्हणाली. हणमंतराव म्हणाले, वेळ आल्यावर काढू. तिसऱ्यांदा तिनं हातातलं काम खाली ठेवलं आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"मामा, माझ्या हाती द्यायच्या नसतील तर तसं सांगा. मी वाईट नाही वाटून घ्यायची. पण आत्यानं मला दवाखान्यात सांगितलं होतं, तुझ्या ओटीत येणार म्हणून. मी वर्षभर तेवढ्यावर ऱ्हायले."

एवढ्या दिवसांत हणमंतरावांच्या मनात आलंच नव्हतं की पोरगी याचा असा अर्थ लावेल.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आणि ओमकार कामावर गेल्यावर त्यांनी शिडी लावली. नाकाला ओला रुमाल बांधला, हातांत जुने रबरी मोजे घातले, टॉर्च घेतला, आणि खुंटीवरची परखी काढली. परखी म्हणजे पोत्यात खुपसून धान्य काढायची टोकदार लोखंडी नळी. निवृत्त होताना सोबत्यांनी त्यांना तीच भेट दिली होती.

वर गेल्यावर त्यांनी आधी काही केलं नाही. सवयीनं नुसता टॉर्च फिरवला. वासे काळवंडले होते. पेटीच्या कोपऱ्याकडच्या फळ्यांवर हिरवट पीठ पसरलं होतं आणि पेटीवर पांढरी लव आली होती. कोपऱ्यातलं एक कौल सरकलेलं होतं, तिथून दोन पावसाळ्यांचं पाणी थेंबथेंब पेटीच्या मागच्या बाजूला झिरपलं होतं. खालच्या मोरीची आणि स्वयंपाकाची वाफ वर चढत होती आणि पोत्यांनी बंद केलेल्या जाळ्यांतून तिला बाहेर जायला वाट नव्हती. धुराटं की बुरशी, याची परीक्षा ते नव्या पोरांना शिकवायचे. काळ्या डागावर ब्लीचिंगच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा. डाग फिका पडला तर बुरशी, नाही पडला तर मळ. बाटली बरोबर आणली होती. थेंब टाकला. डाग त्यांच्या डोळ्यांदेखत फिका पडला. त्यांना परीक्षेची गरज नव्हतीच. पण कुणीतरी समोर सिद्ध करून दाखवल्याशिवाय मानायचं नाही असा त्यांचा हट्ट होता, आणि तो थेंबभर पाण्यानं संपवला.

मग परखीनं फळ्या टोचून पाहिल्या. टोक आत गेलं नाही. लाकूड टणक होतं, बुरशी वरवरची होती. घासली तर निघेल. वासेही धड होते. त्यांना जरा धीर आला आणि त्या धीरातच त्यांनी पेटीचं झाकण उचललं.

आत लुगडी एकमेकांना चिकटून गोळा झाली होती. हिरवं कुठलं आणि निळं कुठलं, कळत नव्हतं. एक उचललं तर त्याच्या दशा हातात आल्या. हणमंतरावांनी तोंडावरचा रुमाल खाली ओढला. हे करायचं नसतं, दहा माणसांना त्यांनी यावरून फैलावर घेतलं असेल. पण त्यांनी रुमाल ओढला, ते फडकं तोंडाशी धरलं आणि छाती भरून वास घेतला.

खोबरेल नव्हतं. काजळ नव्हतं. ती कुठंच नव्हती. होता तो गोदामाचा वास. जो तिनं जन्मभर मागच्या दाराच्या आत येऊ दिला नाही, तोच आता तिच्या लुगड्यांच्या घडीघडीत होता, आणि तो त्यांनी स्वतः, तिच्या मागं, शिडीवरून वर नेऊन ठेवला होता. हणमंतराव त्या अंधारात, माळ्यावर वाकून बसून, मोठ्यानं रडले. खाली कुणी नव्हतं म्हणून रडता आलं.

मुखवटे त्यांनी त्यानंतर काढले. धाकटी वरच्या बाजूला होती. तिच्या गालावर हिरवी बुरशी होती, रंग फुगला होता, पण परखीचं टोक मागून हलकेच लावलं तर लाकूड टणक. थोरली खाली, पाणी झिरपलेल्या कोपऱ्यात, ओल्या लुगड्यांच्या मधोमध होती. तिच्या मागं टोक लावलं आणि ते लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. त्यांनी हात आखडता घेतला तोवर कपाळाचा एक तुकडा सुटून मांडीवर पडला होता.

त्रिवेणी शाळेतून आली तेव्हा ते मागच्या पायरीवर बसले होते. मांडीवर फडकं आणि फडक्यात दोन्ही मुखवटे. त्यांनी तिला सगळं सांगितलं, दोरीपासून पोत्यांपर्यंत. काहीही हातचं राखलं नाही.

"मला तुला द्यायच्याच होत्या गं," ते म्हणाले. "मी तिचं ठेवायला गेलो आणि तुझं घालवलं."

त्रिवेणीनं थोरलीकडं बघितलं. तिला राग आला होता, आणि तो यावा असंच होतं. "मागितलं असतं तर एक काय, सगळी लुगडी तुमच्या कपाटात ठेवली असती मी," ती म्हणाली. "वाळवून ठेवली असती, मामा." मग तिला खोकल्याची उबळ आली आणि ती आत गेली.

पुढचे काही दिवस घरात कामाचं बोलणं तेवढं होतं. हणमंतराव कोठीच्या बाजारात जाऊन टाकणखार, ब्रश आणि जाड पॉलिश पेपर घेऊन आले. त्रिवेणीला त्यांनी शिल्पाकडं राहायला पाठवलं, कारण घासताना बुरशीची पूड उडते आणि तिच्या छातीला ती सोसली नसती. ओमकारनं सुट्टी टाकली. बापलेकांनी जाळ्यांतली पोती काढली, कौल बसवलं, मोरीची वाफ बाहेर काढायला भिंतीतून नळी नेली. मग फळ्यांवर आधी पाण्याचा हलका फवारा, म्हणजे पूड उडू नये. मग साबणाचं पाणी आणि ब्रश, मग ओलं फडकं, आणि फडकं दर वेळी टाकून द्यायचं, धुऊन परत वापरायचं नाही. मग पंखा लावून लाकूड खडखडीत वाळवायचं. ठिपके खोल होते तिथं पॉलिश पेपर. शेवटी टाकणखाराचं पाणी पाजायचं आणि पुन्हा पंखा. ओमकार घाई करायला लागला की हणमंतराव म्हणायचे, "वाळू दे. ओल्यावर काही घालू नको." ओमकार मग पंखा जवळ ओढायचा.

लुगडी आणि पेटी मागच्या अंगणात जाळली. त्या दिवशी शिल्पा आली होती. तिनं काठीनं तो गोळा उलटून पाहिला. हिरव्या काठाचा एक तुकडा अजून ओळखू येत होता.

"धुणंवालीला दिलं म्हणालाव, अप्पा. मी तिच्या अंगावर बघायचं म्हणून तिच्या गल्लीतून दोनदा गेले," शिल्पा म्हणाली. एवढंच बोलली आणि काठी आगीत टाकून दिली. हणमंतरावांना वाटलं, हिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

धाकटीला त्यांनी स्वतः पुसलं. फडक्याचं टोक जेमतेम ओलं करून, रंग जाऊ नये म्हणून श्वास धरून. गालावरची बुरशी गेली आणि तिच्याबरोबर रंगही गेला. डोळ्यांना ते हात लावत नव्हते. पण काजळात तूप असतं आणि तुपावर बुरशी आधी बसते. डोळेच सगळ्यात जास्त खराब झाले होते. शेवटी तेही पुसले. कुकरच्या शिट्टीनं हललेली ती रेघ फडक्यावर काळी उतरली आणि मुखवट्यावर राहिलं नुसतं कोरं लाकूड. ते फडकं टाकून द्यायला हवं होतं. त्यांचाच नियम होता. त्यांनी ते टाकलं.

थोरली कुजली होती, ती पूजेला चालणार नव्हती. ओमकारनं तिला रविवारी भालकीच्या वाटेवर मांजरा नदीत सोडलं. हणमंतराव गाडीतून उतरले नाहीत. गावाकडच्या थोरल्या भावजयीला फोन केला तर ती म्हणाली, विकत आणू नका, आपल्यात चालत नाही. यंदा थोरलीच्या जागी तांब्यावर नारळ ठेवा. पुढं कुणी दिली तर दिली.

भादव्यात लक्ष्म्यांचा दिवस आला. त्रिवेणीचा खोकला थांबला होता. आदल्या दिवशी तिनं काडीला कापूस गुंडाळून काजळ घेतलं आणि धाकटीचे डोळे रेखले. घरात कुणी बोललं नाही. हणमंतराव दाराआडून बघत होते. दोन्ही डोळे सरळ, नेटके, गणिताच्या बाईनं काढावेत तसे. फार सुंदर आले होते. हणमंतराव मागं वळून पुढच्या खोलीत जाऊन बसले.

मग ओटीत घालायची वेळ झाली. ते मागच्या नळावर गेले. हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. कोपरापर्यंत घासले, नखं घासली, आणि नाकाशी धरून पाहिले. पुन्हा धुतले. "मामा, किती वेळ," त्रिवेणी आतून म्हणाली तेव्हा कुठं त्यांनी नळ बंद केला, हात कोरडे केले आणि धाकटीला तिच्या पदरात ठेवलं.

संध्याकाळी आवाहन. या घराची रीत अशी की सून मुखवटे घेऊन बाहेर उभी राहते आणि घरातल्या थोरल्यानं उंबऱ्याच्या आतून विचारायचं. पूर्वी सावित्रीबाई बाहेर असायच्या आणि आतून हणमंतराव विचारायचे, आणि त्यात मुद्दाम चुका करून बोलणी खायचे. आता बाहेर त्रिवेणी होती, हातांच्या ओंजळीत एक मुखवटा. दारापासून आत कुंकवाची पावलं काढली होती. ओमकार ताट धरून उभा होता, शिल्पा घंटा घेऊन.

"कोण आलं?" हणमंतरावांनी आतून विचारलं.

"लक्ष्मी आली," त्रिवेणी म्हणाली.

"कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली."

पुढचा प्रश्न ठरलेला होता. हणमंतराव त्याच्याशी येऊन अडले. शिल्पानं घंटा वाजवायची थांबवली. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आणि विचारल्याशिवाय लक्ष्मीला उंबरा ओलांडता येत नव्हता.

"दोघी आल्या का?" त्यांनी शेवटी विचारलं.

त्रिवेणीनं मान खाली घातली. तिला खोटं बोलता आलं असतं, 'दोघी आल्या' हे रीतीचंच उत्तर होतं, कुणी नावं ठेवली नसती. तिनं ओंजळीतल्या मुखवट्याकडं पाहिलं आणि मग सासऱ्याकडं.

"नाही, मामा," ती म्हणाली. "एकटीच आली."

हणमंतराव दारातून बाजूला झाले, त्या कोऱ्या गालाच्या, सरळ डोळ्यांच्या धाकटीकडं बघितलं आणि म्हणाले, "या आता आत."